फॅमिलीसोबत अथेन्स आणि मायसीनीचा लाँग वीकेंड: कुठे आधी म्युझियम आणि कुठे आधी दगड

ग्रीस म्हटलं की बहुतेक जण थेट सँटोरिनीचे निळे घुमट आणि बोटींचं बुकिंग बघायला लागतात. पण ज्यांच्याकडे जेमतेम शुक्रवार ते सोमवार आहे, सोबत शाळेतली पोरं आहेत आणि वर भारतातून आलेले आई-बाबा पण आहेत, त्यांनी या खेपेला बेटांचा नाद सोडावा आणि अथेन्स अधिक नाफ्प्लिओ (अथेन्सहून गाडीने साधारण दोन तासांवरचं समुद्रकाठचं गाव, मायसीनीचा प्राचीन किल्ला तिथून अर्ध्या तासावर) असा प्लॅन करावा. जर्मनी, नेदरलँड्स, इटली कुठूनही अथेन्सला सकाळची फ्लाइट मिळते आणि शेंगेनमध्येच असल्यामुळे आई-बाबांचा व्हिसा जर्मनीचा असला तरी चालतो, फक्त पासपोर्ट सोबत हवेत.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण सगळा प्लॅन तिच्यावर उभा आहे. ग्रीसमध्ये जिथे खोदलं तिथे दगड राहिलेत आणि त्यातून निघालेल्या वस्तू म्युझियममध्ये गेल्यात, म्हणजे नुसते अवशेष बघितले तर पोरं म्हणणार "इथे तर काहीच नाहीये", आणि नुसती म्युझियमं बघितली तर तासाभरात सगळे मडक्यांना कंटाळणार. म्हणून प्रत्येक जागेची तिच्या म्युझियमशी जोडी लावायची. आता जोडीत पहिलं कोण, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे, आणि बहुतेक टूरवाले तिथेच गडबड करतात.

निघायच्या आधी

सीझन एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना सुट्टी असते हे मान्य, पण तेव्हा पारा चाळिशीला टेकतो आणि गेल्या काही उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेत ॲक्रोपोलिस, म्हणजे अथेन्समधली प्राचीन देवळांची टेकडी, चक्क दुपारी १२ ते ५ बंद ठेवलं होतं. ईस्टरला जाणार असाल तर ऑर्थोडॉक्स ईस्टर कधी आहे ते बघा, तो आपल्या इथल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरपेक्षा बऱ्याचदा वेगळ्या तारखेला येतो आणि त्या रविवारी साइट्स बंद असतात. १ मे आणि २५ मार्चलाही बंद. हिवाळ्यात गर्दी नसते, नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी साइट्स फुकट पण असतात, पण बऱ्याच जागा दुपारी साडेतीनलाच कुलूप लावतात, त्यामुळे दिवसात एकच गोष्ट होते.

ॲक्रोपोलिसचं तिकीट ऑनलाइन आणि वेळेच्या स्लॉटचं असतं, ही पद्धत २०२३ पासून आहे आणि दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे. सकाळी आठचा स्लॉट घ्या, तो मिळत नसेल तर संध्याकाळचा शेवटचा, मधला अजिबात नको. एप्रिल २०२५ पासून मोठ्यांचं तिकीट ३० युरो झालंय आणि आधी जे सात साइट्सचं पाच दिवस चालणारं कॉम्बो तिकीट मिळायचं ते बंद झालंय. जुने लेख वाचून कॉम्बो शोधत बसू नका, दुसऱ्याच कुठल्यातरी वेबसाइटवर कोणीतरी "कॉम्बो" नावाने भलतंच काहीतरी विकेल. मुलांची सवलत वय आणि नागरिकत्व बघून देतात, तेव्हा पोरांचे पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये नकोत, खिशात हवेत. ॲक्रोपोलिस म्युझियमचं तिकीट वेगळं आहे, वरच्या तिकिटात ते येत नाही. यावरून गेटवर बरीच भांडणं बघायला मिळतात.

हॉटेल कुकाकी किंवा मॅक्रियानी भागात घ्या, अक्रोपोली मेट्रो स्टेशनच्या जवळ. प्लाका ही जुनी वस्ती दिसायला गोड आहे पण चढ, पायऱ्या आणि ओबडधोबड फरसबंदी, बाबागाडी आणि गुडघे दोन्ही बोंबलतात. बाबागाडी म्हणाल तर ती ॲक्रोपोलिसवर नेता येत नाही, लहान बाळ असेल तर कॅरियर घ्या. बुटांना चांगली ग्रिप हवी, वरचा संगमरवर हजारो पायांनी घासून असा गुळगुळीत झालाय की कोरड्या दिवशीही माणसं घसरतात.

भारतातलं लायसन्स असलेला कोणी गाडी चालवणार असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागेलच. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, लवकर बुक करा, आणि गाडी शुक्रवारपासून नको, रविवार सकाळपासून घ्या. अथेन्समध्ये गाडी म्हणजे पार्किंगसाठी दिवस घालवणं.

शुक्रवार: आधी सोनं बघा, खड्डा नंतर

एअरपोर्टहून निळ्या लाइनची मेट्रो पकडा, सिंटाग्मापर्यंत साधारण ४० मिनिटं, एकेरी तिकीट ९ युरो. बॅगा आणि पाकिटं सांभाळा, या लाइनवर खिसेकापूंचा सुळसुळाट आहे आणि सामान घेऊन उभं असलेलं कुटुंब त्यांना लांबून ओळखू येतं. सिंटाग्मा स्टेशनवर उतरल्यावर घाई करू नका. मेट्रो खोदताना जे सापडलं ते तिथेच काचेमागे मांडलंय, जमिनीच्या थरांचा अख्खा कापच दिसतो, त्यात एक थडगं पण आहे. पोरांना "जमिनीखाली जुनं गाव असतं" हे समजावायला यापेक्षा सोपी जागा नाही, आणि फुकट आहे.

सामान टाकून जेवून नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियम. व्हिक्टोरिया स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. हिवाळ्यात जाणार असाल तर वेळा बघून घ्या, नाहीतर दारातूनच परत. आता हे म्युझियम इतकं मोठं आहे की सगळं बघायचं ठरवलंत तर काहीच बघून होणार नाही, म्हणून मी चार थांबे सांगतो, बाकीचं जाता-येता दिसेल तेवढं बस.

पहिला थांबा मायसीनीचं दालन. १८७६ मध्ये हाइनरिख श्लीमन या जर्मन उत्खननकाराने मायसीनीच्या किल्ल्यातल्या कबरींतून जे सोनं काढलं ते इथे आहे, मुखवटे, कप, खंजीर, आणि तो प्रसिद्ध "ॲगामेम्नॉनचा मुखवटा", जो खरंतर ॲगामेम्नॉनचा (ट्रॉयच्या युद्धाच्या कथेतला मायसीनीचा राजा) नाहीच, तो साधारण इसवी सन पूर्व १६ व्या शतकातला आहे, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्या काहीशे वर्षं आधीचा. मुलांना सांगून ठेवा की हे ज्या खड्ड्यातून निघालं तो खड्डा आपण रविवारी बघणार आहोत. एवढं एक वाक्य सांगितलं की रविवारचा दिवस निम्मा जिंकलात. इथे क्रम असाच हवा, कारण मायसीनीला आधी गेलात तर तिथे एक गोल कुंपण आणि त्यात खड्डे, एवढंच दिसतं.

दुसरा थांबा समुद्रातून काढलेला मोठा ब्राँझचा देव, दोन मीटरच्या वर उंच, हात फेकायच्या पवित्र्यात. हातातलं शस्त्र हरवलंय, त्यामुळे वज्र असेल तर झ्यूस आणि त्रिशूळ असेल तर पोसायडन, हा वाद अजून मिटलेला नाही. इथे कोल्हापूरकरांनी जरा कॉलर ताठ करावी, कारण ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटीशी ब्राँझ मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियमची आहे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या समुद्री व्यापारातून पंचगंगेच्या काठी आलेली. आई-बाबांना म्युझियमचा कंटाळा असेल तर हे सांगा, लगेच चालण्याचा वेग वाढतो. ब्राँझचा देव ज्या बुडालेल्या जहाजात सापडला त्याच्याच अवशेषांतून निघालेला घोड्यावरचा पोरगा जवळच आहे, लगाम नाहीये पण हातांची मूठ तशीच.

तिसरा अँटिकिथेराचं यंत्र. १९०० च्या सुमारास स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना बुडालेलं जहाज सापडलं, त्यातला हा गंजलेला ब्राँझचा गोळा. आत दातेरी चाकं, किमान तीस, आणि त्यातल्या एकाला २२३ दाते कारण २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचं चक्र पुन्हा फिरतं. घरात इंजिनिअर असेल (मराठी घर आहे म्हणजे असेलच) तर त्याला इथून ओढून काढावं लागतं. चौथा थांबा वरच्या मजल्यावर, सँटोरिनीच्या ज्वालामुखीच्या राखेखाली टिकलेली भित्तिचित्रं, त्यात दोन लहान मुलं बॉक्सिंग करतायत. बेट न बघता बेटाची सगळ्यात भारी गोष्ट बघून झाली.

फोटो काढायला परवानगी आहे, फ्लॅश नाही. पण पुतळ्याच्या बाजूला उभं राहून त्याच्यासारखी पोझ देऊन फोटो काढायला गेलात तर गार्ड लगेच ओरडतात, मुलांना आधीच सांगा.

शनिवार: इथे मात्र दगड आधी

आठचा स्लॉट असेल तर पावणेआठला गेटवर. गेट दोन आहेत. सगळे पश्चिमेच्या मुख्य गेटवर जातात, तुम्ही मेट्रो स्टेशनजवळच्या दक्षिण-पूर्व गेटने जा, गर्दी कमी असते आणि चढ झाडांमधून हळूहळू जातो, वाटेत डायोनिससचं थिएटर लागतं जिथे ग्रीक नाटकं पहिल्यांदा झाली. टॉयलेट खालीच उरकून घ्या. पाणी भरून घ्या, अथेन्सचं नळाचं पाणी पिता येतं. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी उत्तरेच्या बाजूला लिफ्ट आहे, पण ती व्हीलचेअर किंवा खरीच अडचण असलेल्यांसाठी, "बाबांचं वय बहात्तर आहे हो" एवढ्यावर मिळत नाही. लागणार असेल तर आधीच संपर्क करून ठेवा.

वर पोचल्यावर गाइडची लांबलचक कॅसेट ऐकण्यापेक्षा तीन गोष्टी बघा. पार्थेनॉन, म्हणजे अथेना देवीचं मोठं देऊळ, ४४७ साली (इसवी सन पूर्व, अर्थात) बांधायला घेतलं आणि नऊ वर्षांत देवीची मूर्ती बसवण्याइतकं झालं, अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस याचा काळ, शिल्पांवर देखरेख शिल्पकार फिडियसची. कोपऱ्यावर उभं राहून लांबच्या बाजूच्या पायरीवर नजर लावा, ती सरळ नाहीये, मधे फुगलेली आहे, साधारण ११ सेंटीमीटर. खांब पण आत झुकलेत. एवढ्या मोठ्या इमारतीत धड सरळ रेघ सापडत नाही आणि म्हणूनच ती डोळ्यांना सरळ आणि जिवंत वाटते. दुसरं, दगडांचे दोन रंग बघा, मधासारखा पिवळट तो जुना, पांढराफटक तो नवीन, दुरुस्तीतला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी पट्ट्या घालून डागडुजी केली होती, त्या गंजून फुगल्या आणि संगमरवरच तडकला, म्हणून १९७५ पासून चाललेल्या कामात त्या काढून टायटॅनियमच्या घालतायत. तिसरं, छत का नाही हे मुलं विचारतातच. उत्तर असं की १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा साठवला होता आणि वेढा घालणाऱ्या व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला. दोन हजार वर्षं उभी असलेली इमारत एका संध्याकाळी फुटली.

साडेनऊ-दहाला खाली उतरायला लागा. तोपर्यंत क्रूझचे ग्रुप झेंडे घेऊन वर येत असतात. खाली पोचलात की समोरच ॲक्रोपोलिस म्युझियम, एसी, आणि आता त्याची मजा आहे कारण वर रिकामी जागा बघून आलेलं मन इथे ती भरून घेतं. २००९ मध्ये उघडलेली ही इमारत वास्तुविशारद बेर्नार चुमीची आहे, जमीन काचेची, पायाखाली उत्खनन दिसतं, काही लहान मुलं काचेवर पाय ठेवायला घाबरतात आणि काही उड्या मारतात, तुमचं कुठल्या प्रकारचं आहे ते कळेल. थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर जा आणि मग खाली उतरत या. वरचं दालन पार्थेनॉनच्या दिशेलाच फिरवून बांधलंय, खिडकीतून देऊळ आणि भिंतीवर त्याचीच शिल्पपट्टी, जी मुळात १६० मीटर लांब होती. पिवळट ते खरे तुकडे, पांढरे ते प्लास्टरचे, म्हणजे ज्यांचे खरे तुकडे बाहेर आहेत, बहुतेक लंडनला. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून काढून नेलेले आणि १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमला दिलेले. व्हॅटिकनने २०२३ मध्ये आपल्याकडचे तीन तुकडे परत दिले, लंडनने अजून नाही. कोहिनूरवरून घरात एकदा तरी वाद झालेला असतोच, त्यामुळे हा विषय मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

खाली उतरताना कॅरिअटिड्सपाशी थांबा. ॲक्रोपोलिसवर देवळाचा सज्जा डोक्यावर तोलून उभ्या असलेल्या सहा बायका तुम्ही सकाळी बघितल्यात, त्या नकली आहेत, खऱ्या पाच इथे आहेत आणि सहावीची जागा मोकळी ठेवलीय, ती लंडनला. सगळे समोरून फोटो काढून निघून जातात. तुम्ही मागे जा. हवेने आणि पावसाने चेहरे झिजलेत पण पाठीमागे केस जसेच्या तसे, जाडजूड खजुरी वेणी, प्रत्येकीची बांधणी थोडी वेगळी, शेवटी बट सुटून खाली आलेली. आईला दाखवा. म्युझियममध्ये लेगोचं ॲक्रोपोलिस पण आहे, प्राचीन आणि आजची माणसं एकत्र मांडलेली, मुलांना तिथे सोडून मोठ्यांनी वरच्या रेस्टॉरंटच्या गच्चीत कॉफी घ्यावी.

दुपारी हॉटेलवर झोप. खरंच झोपा, ग्रीक लोकही झोपतात.

संध्याकाळी, बंद व्हायच्या दोन तास आधी, प्राचीन अगोरा, म्हणजे जुन्या अथेन्सचा बाजारचौक. इथे म्युझियम साइटच्या आतच आहे, त्यामुळे क्रमाचा प्रश्न नाही. टेकाडावरचं हेफेस्टसचं देऊळ छतासकट टिकलंय, पार्थेनॉन धड असतं तर कसं दिसलं असतं याचा अंदाज येतो. म्युझियम ॲटॅलसच्या स्टोआमध्ये, ही लांब ओसरी अमेरिकन स्कूल या पुरातत्त्व संस्थेने १९५० च्या दशकात जुन्या पायावर नव्याने बांधली. आत खापराचे तुकडे बघा ज्यांवर नावं खरवडलीत. कोणी फार डोईजड झाला असं वाटलं तर लोक खापरावर त्याचं नाव लिहून मत द्यायचे, निदान ६,००० मतं पडावी लागायची, आणि ज्याचं नाव सगळ्यात जास्त तो दहा वर्षं गावाबाहेर. थेमिस्टोक्लिस या पुढाऱ्याच्या नावाच्या खापरांचा एक ढीग विहिरीत सापडला तेव्हा अक्षरावरून कळलं की मोजक्याच हातांनी ती ढिगाने लिहून ठेवलीत, म्हणजे तयार मतपत्रिका वाटायचा उद्योग नवा नाही. बाजूला पाण्याचं घड्याळ, कोर्टात बोलणाऱ्याचं भाषण सहा मिनिटांत संपवायला. आणि सगळ्यात हिट वस्तू: बाळाला बसवायची मातीची पॉटी, पुढे पाय बाहेर काढायला भोक असलेली. अख्ख्या ट्रिपमधून पोरांच्या लक्षात हीच राहते, तयारी ठेवा.

खाण्याचं थोडक्यात

शाकाहारींचे हाल होत नाहीत. सकाळी रस्त्यावर तिळाची कुलुरी, पालकाची स्पानाकोपिता, जेवायला गेमिस्ता म्हणजे भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढबू मिरच्या (आत खिमा नाही ना हे विचारून), गिगांतेस हे मोठे पांढरे घेवडे टोमॅटोत शिजवलेले, आणि फावा, जी आपल्या घट्ट वरणाच्या इतकी जवळची आहे की आजीने नक्की लिंबू मागून घ्यावं. "निस्तिसिमो" हा शब्द पाठ करा, म्हणजे त्यांच्या उपवासाचं, त्यात मांस आणि दूध दोन्ही नसतं. मासे-मटण खाणाऱ्यांना सांगायची गरज नाही. आणि हो, टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात, पाइप अरुंद असतात.

रविवार: मायसीनी, नाफ्प्लिओ, एपिडॉरस

सकाळी साडेसातला गाडी घेऊन निघा, टोलसाठी सुट्टे आणि कार्ड दोन्ही ठेवा. तासाभरात कॉरिंथचा कालवा, सहा किलोमीटरच्या वर लांब, १८९३ मध्ये सुरू झालेला, पुलावरून खाली बघायचं, दहा मिनिटं, पुढे. जवळच जुन्या कॉरिंथचं म्युझियम आहे, तिथे ॲस्क्लेपिअस या आरोग्याच्या देवाच्या देवळात वाहिलेले मातीचे हात, पाय, कान, डोळे ठेवलेत, दुखणं बरं झालं की तो अवयव देवाला द्यायचा, बांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचे वाहतात अगदी तसे. वेळ असेल तरच हं, मायसीनी दुपारच्या उन्हावर ढकलू नका, तिथे झाडाची सावली नाहीच.

मायसीनीला सिंहद्वारातून आत शिरताना वर बघा. दाराच्या तुळईवर त्रिकोणी जागा सोडून त्यात पातळ दगडावर दोन सिंहिणी कोरल्यात, साधारण इसवी सन पूर्व १२५०. तो त्रिकोण शोभेसाठी नाही, वरच्या भिंतीचं वजन तुळईवर न येता दोन्ही बाजूंना उतरावं म्हणून आहे. आत गेल्यावर उजव्या हाताला गोल कुंपणातले खड्डे, हाच तो शुक्रवारच्या सोन्याचा पत्ता. पोरं आपोआप धावतात. मागच्या टोकाला जमिनीखालच्या टाक्याकडे जाणाऱ्या पायऱ्या आहेत, उघड्या असतील तर टॉर्च घेऊन मोठ्या मुलांनीच उतरावं, अंधार आणि निसरडं. इथलं छोटं म्युझियम थोडक्यात आटपा, सोन्याच्या नकला आहेत आणि खऱ्या तुम्ही बघितल्यात, फक्त मातीचे वेटोळे घातलेले साप चुकवू नका.

निघताना बरेच लोक एक गोष्ट विसरतात: रस्त्याने थोडं खाली आलं की ॲट्रियसचा खजिना, त्याच तिकिटात. खजिना नाही, कबर आहे. दगडाचे थर आत आत सरकवत केलेला साडेतेरा मीटरच्या आसपास उंच घुमट, दारावरची आतली तुळई एकच दगड, साधारण १२० टन. मधोमध उभं राहून टाळी वाजवा.

जेवायला नाफ्प्लिओ, अर्ध्या तासावर. आधुनिक ग्रीसची अथेन्सच्या आधीची राजधानी, समुद्र, किल्ला, आइस्क्रीम. पालामिदी किल्ल्याला ९९९ पायऱ्या आहेत असं सगळे सांगतात, पण मागून गाडीचा रस्ता आहे. मुक्काम इथेच करा, रविवारी रात्रीची फ्लाइट पकडण्यापेक्षा सोमवारची सुट्टी टाका.

चार वाजता एपिडॉरस, पुन्हा अर्धा तास. हे थिएटर इसवी सन पूर्व चौथ्या शतकातलं, ५५ रांगा, सुमारे १४,००० माणसं. इथे काही वाचायचं नाही, काही समजून घ्यायचं नाही. एकाने खाली मधल्या गोल दगडावर उभं राहून कागद फाडायचा, बाकीच्यांनी वर बसायचं. आजीला तिथे नेहमीच्या आवाजात शुभंकरोती म्हणायला सांगा, ओरडायची गरज नाही. असं का होतं यावर २००७ मध्ये एक अभ्यास झाला, त्यानुसार चुनखडीच्या पायऱ्या गर्दीची खालच्या पट्टीतली घरघर गाळतात आणि बोलण्याचा आवाज पुढे पाठवतात. शेवटच्या रांगेत नाणं पडल्याचंही ऐकू येतं असं गाइड सांगतात त्यात थोडं तिखटमीठ आहे. शेजारी ॲस्क्लेपिअसच्या देवळाचा परिसर, आजारी लोक रात्री इथे झोपायचे आणि देव स्वप्नात येऊन उपाय सांगायचा. तिथलं म्युझियम वीस मिनिटांचं.

सोमवार

सकाळी नाफ्प्लिओच्या चौकातलं म्युझियम. एकाच वस्तूसाठी जा: जवळच्या डेंड्रा गावात सापडलेलं चिलखत, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं, ब्राँझच्या पत्र्याच्या गोल पट्ट्या एकावर एक, मानेला उंच कॉलर आणि डोक्यावर रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण. दिसायला डब्यासारखं, त्यामुळे हे फक्त मिरवायचं असणार असं बरीच वर्षं वाटायचं, मग २०२४ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ग्रीक मरीन सैनिकांना त्याची प्रतिकृती घालून ११ तास लढायला लावलं आणि त्यांनी ते निभावलं.

गाडी थेट एअरपोर्टलाच परत करता येते, नाफ्प्लिओहून साधारण दोन तास धरा, आणि वर एक तास शिल्लक ठेवा कारण अथेन्सच्या रिंग रोडचा काही भरवसा नाही. लवकर पोचलात तर एअरपोर्टच्या आतच, धावपट्टी बांधताना त्या भागात जे सापडलं त्याचं एक छोटं प्रदर्शन आहे, चेक-इन करून तिकडे एक चक्कर मारा.